नावेचा स्केग : सरळ वाट आणि वळण

घोडेगांवच्या गुरांच्या बाजारांत बैल घेणारा जाणता शेतकरी शिंगांच्या रंगास भुलत नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो आणि मगच किंमतीचीं बोलणीं करतो. नाव घेणाऱ्यानेंहि असेंच वागावें, वरचा रंग न पाहतां तिचें पोट पाहावें, असें आमचें मत आहे. कयाक नांवाच्या लहान नावेच्या पोटाखालीं, मागच्या टोंकाजवळ, पुष्कळदां वीतभर खोलीची एक पातळ पट्टी असते. तिला स्केग म्हणतात. माशाच्या परासारखी दिसणारी ही पट्टी कशी आहे, यावर नाव सरळ जाईल कीं नाहीं, वेळेस वळेल कीं नाहीं, आणि वारा सुटल्यावर वल्हविणारा कांठास लागेल कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. एवढ्याशा वस्तूसाठीं वार्षिकाचीं पानें कां अडवावीं, अशी शंका कोणास येईल. तिचें उत्तर प्रथम देणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमचा मुलूख पाण्याचा म्हणून कोणी ओळखत नाहीं. नगर जिल्हा, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, तो दुष्काळासाठींच अधिक प्रसिद्ध. परंतु घोडेगांवच्या दोन बाजूंस आज दोन मोठे जलाशय आहेत. पश्चिमेस राहुरी तालुक्यांत बारागांव नांदूर येथें मुळा नदीस बांध घालून झालेला ज्ञानेश्वरसागर. त्याची साठवण सुमारें २६ अब्ज घनफूट असून त्याचा उजवा कालवा आमच्या नेवासें तालुक्यास पाणी देतो. पूर्वेकडे पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचें धरण. १९७६ सालीं त्याचें उद्घाटन झालें, आणि त्याच्या नाथसागराचा फुगवटा नेवासें व शेवगांव या तालुक्यांपर्यंत पसरला आहे. शिवाय कालवे आहेत, शेततळीं आहेत. आमच्या आजोबांनीं लहानपणीं जें पाणी पाहिलें नाहीं, तें आज त्यांच्या नातवंडांच्या समोर पसरलेलें आहे. पाणी आलें, पण पाण्याची विद्या त्याबरोबर आली नाहीं. दर उन्हाळ्यांत कोठें ना कोठें मुलें बुडाल्याची वार्ता कानीं येते, तिचें एक कारण हें आहे. आतां जलाशयांच्या कांठीं आणि समुद्रकिनाऱ्यावर रंगीबेरंगी कयाक भाड्यानें मिळूं लागल्या आहेत. हौशी पालक त्या विकतहि घेतात. म्हणून ही नाव काय आहे आणि तिच्या पोटाखालची पट्टी काय काम करते, हें मुलांनीं व पालकांनीं समजून घेण्याची वेळ आली आहे.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ समुद्रांतली. ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर किनारा, अलास्का येथील लोक वाहून आलेल्या लांकडाचा वा हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचें कातडें ताणून बसवीत आणि तींत एकटा शिकारी बसे. नाव वरून झांकलेली, मध्यें बसावयापुरतें भोंक, आणि हातांत दोन्ही टोंकांस पातें असलेलें एकच वल्हें. आजच्या कयाक बहुधा प्लास्टिकच्या किंवा काचतंतूच्या असतात. पण आकार तोच. समुद्रावरील दूरच्या प्रवासाची कयाक सुमारें पांच मीटर लांब व दोन फुटांहून थोडी कमीच रुंद असते. हौसेखातर फिरावयाची कयाक तीन मीटरच्या आसपास आणि बरीच रुंद असते.

या नावेच्या अंगीं दोन गुण हवे असतात, आणि ते एकमेकांचे वैरी आहेत. एक गुण धरलेली दिशा न सोडण्याचा. दुसरा गुण सांगतांच वळण्याचा. ज्यानें लांब बैलगाडी आणि छकडा या दोन्ही हांकल्या आहेत, त्यास हें वेगळें सांगावयास नको. लांब गाडी सडकेवर मुकाट्यानें सरळ चालते, पण अंगणांत वळवितां वळवितां हांकणाऱ्याचा घाम काढते. छकडा मात्र जागच्या जागीं फिरतो आणि सडकेवर सारखा इकडेतिकडे करतो. नावेचेंहि तसेंच आहे. जिचा तळ लांब व पुढून मागें सपाट, ती सरळ जाते. जिचा तळ आंखूड असून दोन्ही टोंकें केळ्यासारखीं वर उचललेलीं, ती चटकन् वळते. म्हणूनच सपाट पाण्यावरील शर्यतीची एकट्याची कयाक ५.२ मीटरपर्यंत लांब असते, आणि खळाळत्या नदींत खडकांमधून वाट काढणारी कयाक तिच्याहून पुष्कळच आंखूड असते. तळाचा आकार एकदां कारखान्यांत ठरला कीं ठरला. तो पाण्यावर बदलतां येत नाहीं. स्केगाचें महत्त्व येथेंच आहे. एकाच नावेस गरजेप्रमाणें कमीअधिक सरळ चालावयास लावणारें तें साधन आहे.

त्याचें काम कसें चालतें तें पाहूं. कयाक वल्हवितांना एक फटका उजवीकडे, एक डावीकडे असा क्रम असतो. उजवीकडचा फटका नावेचें तोंड डावीकडे लोटतो, डावीकडचा उजवीकडे. त्यामुळें नवशिक्याची नाव नागमोडी चालते, आणि त्याची निम्मी शक्ति पुढें जाण्यांत नव्हे, तर वांकडें झालेलें तोंड सरळ करण्यांत खर्च होते. आतां बाणाची पिसें आठवा. बाणाच्या मागच्या टोंकास पिसें लावलेलीं असतात. बाण किंचित् तिरपा झाला कीं त्या पिसांवर हवेचा दाब एका बाजूनें पडतो आणि शेपूट पुन्हां रांगेंत येतें. स्केग हें नावेचें पीस आहे. नावेचें मागचें टोंक बाजूस घसरूं लागलें कीं पाणी त्या पट्टीवर एका बाजूनें दाबतें आणि टोंकास परत आणतें. पीस बाणाच्या टोंकाशीं न लावतां शेपटीशीं कां लावतात, याचें उत्तरहि यांतच आहे. हीच पट्टी नावेच्या पुढच्या टोंकाखालीं लावली तर नाव अधिकच भरकटेल. अगदीं मध्यें लावली तर बाजूचें घसरणें थोडें थांबेल, पण तोंड सरळ राहण्यास फारसें साह्य होणार नाहीं. मागें लावली तरच तिला तरफेचा लांब हात मिळतो.

याहूनहि मोठें काम वाऱ्याच्या वेळचें आहे, आणि आमच्या मतें पालकांनीं सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचें तें याकडेच. बाजूनें वारा येत असतां चालती कयाक आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरविते. मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखविणारा जो वातकुक्कुट असतो, त्याच्यासारखी तिची स्थिति होते. याचें कारण असें कीं चालत्या नावेचें पुढचें टोंक न ढवळलेल्या पाण्यांत घुसत असतें आणि तेथें दोन्ही बाजूंनीं पाणी त्यास घट्ट धरतें. मागचें टोंक मात्र नावेनें स्वतःच ढवळलेल्या सैल पाण्यांत असतें. वारा साऱ्या नावेस लोटतो. पुढचें टोंक हटत नाहीं, मागचें हटतें. आणि नाव वाऱ्याकडे वळते. ज्या मुलास समोरच्या कांठास जावयाचें आहे, त्यास मग एकाच बाजूनें पुन्हांपुन्हां वल्हें मारावें लागतें. अर्ध्या घटकेंत त्याचा एक हात भरून येतो. हात थकला कीं धीर सुटतो, आणि धीर सुटला म्हणजे पाण्यावर अपघातास वेळ लागत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतला वारा काय करूं शकतो हें सुप्याजवळच्या डोंगरावर फिरणाऱ्या पवनचक्क्याच सांगतात. मोठ्या जलाशयावर त्या वाऱ्यास अडवावयास झाड नाहीं कीं भिंत नाहीं.

अशा वेळीं स्केग पाण्यांत सोडला कीं मागच्या टोंकास पाण्याची पकड मिळते आणि तें हटेनासें होतें. किती सोडावयाचा, याचा नियम सोपा आहे. वारा समोरून असेल तर स्केग वर घ्यावा, कारण नाव स्वभावतःच वाऱ्याकडे तोंड करते. वारा बाजूनें असेल तर अर्धामुर्धा सोडून पाहावा. नाव दोन्हीकडे न ओढतां सरळ चालूं लागली कीं तेथेंच ठेवावा. वारा पाठीकडून असेल तर पुरता सोडावा. बाजूच्या वाऱ्यांत तो गरजेपेक्षां अधिक सोडला तर उलट परिणाम होतो : मागचें टोंक खिळल्यासारखें होतें आणि पुढचें टोंक वाऱ्याबरोबर वाहूं लागतें. थांबलेल्या नावेंतहि सोडलेला स्केग असेंच करतो, म्हणून विसाव्याच्या वेळीं याचें भान ठेवावें. नावेंतील सामान मागें सरकवून मागचें टोंक थोडें खोल केलें तरीहि असाच, पण कमी, परिणाम होतो. ज्या नावेस स्केगच नाहीं, तिच्या स्वारानें हा उपाय लक्षांत ठेवावा.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं स्केग मोठा असला म्हणजे झालें. तसें नाहीं. स्केगाच्या रचनेंत चार गोष्टींचा विचार असतो.

पहिली गोष्ट त्याची जागा. तो जितका मागें तितका तरफेचा हात लांब; पण अगदीं टोंकाशीं लावला तर लाटेवर मागचें टोंक उचललें जातांच तो पाण्याबाहेर येतो आणि नेमक्या गरजेच्या वेळीं निरुपयोगी ठरतो. म्हणून वरखालीं होणारा स्केग बहुधा टोंकापासून थोडा आंत बसविलेला असतो.

दुसरी गोष्ट त्याचें क्षेत्रफळ. पट्टी दुप्पट मोठी केली तर तिची पकड सुमारें दुप्पट होते. पण नावेचा वेग दुप्पट झाला तर तीच पट्टी सुमारें चौपट पकड देते. यावरून दोन गोष्टी उघड होतात. वेगानें जाणाऱ्यास लहान स्केग पुरतो; आणि जवळजवळ थांबलेल्या नावेस मोठा स्केगहि सरळ ठेवूं शकत नाहीं. शिवाय प्रत्येक इंचाबरोबर पाण्याचें घर्षण वाढतें आणि त्याची किंमत हातांनीं द्यावी लागते.

तिसरी गोष्ट आकार. खोल व अरुंद पर, लांब व उथळ परापेक्षां, तितक्याच क्षेत्रफळांत अधिक पकड देतो. परंतु तो उथळ पाण्यांत तळास लागतो. आणि पाणी फार तिरपें येऊं लागलें तर त्याची पकड एकाएकीं सुटते. लांब व उथळ पराची पकड सौम्य असते, पण ती हळूहळू सुटते. पुढची कड मागें कललेली असावी, म्हणजे शेवाळ व जलपर्णीचे धागे तिच्यावरून घसरून जातात. सरळ उभ्या कडेवर ते अडकून बसतात. पुढची कड गोलसर व मागची पातळ असली, तर पाणी कुरकुर न करतां वाहून जातें. माशाच्या पराकडे एकदां नीट पाहिलें तर हें सारें निसर्गानें आधींच करून ठेवलेलें दिसेल.

चौथी गोष्ट, तो पक्का बसविलेला आहे कीं वरखालीं करतां येतो. पक्का पर स्वस्त असतो आणि त्यांत बिघडण्यासारखें कांहीं नसतें. पण तो वळतांना सदैव आड येतो, आणि नाव कांठावरून ओढतांना दगडगोट्यांवर झिजतो. वरखालीं होणारा स्केग नावेच्या पोटांतील एका पेटींत राहतो आणि बसल्या जागेवरून दोरीनें किंवा तारेनें सोडतां येतो. त्याचेहि दोष आहेत. कांठाची खडी पेटींत अडकली तर तो खालीं येत नाहीं. तेव्हां जबरदस्ती केली तर तारेस मुरड पडते. यावर अनुभवी लोकांचा साधा उपाय असा कीं स्केगाच्या खालच्या कोपऱ्यास बारीक भोंक पाडून दोरीचा फांस बांधून ठेवावा. अडला तर सोबत्यानें दुसऱ्या नावेंतून हात घालून तो ओढावा. सोबत्यावांचून पाण्यावर जाऊं नये, याचें हें आणखी एक कारण झालें.

स्केग व सुकाणूं यांत पुष्कळांची गल्लत होते, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतों. सुकाणूं डावी-उजवीकडे फिरतें आणि नाव वळवितें. स्केग फिरत नाहीं. तो फक्त वरखालीं होतो. नाव वळविणें हें त्याचें काम नव्हे, किंबहुना तो वळण्यास विरोधच करतो. वळतांना नावेचें मागचें टोंक बाजूस सरकावें लागतें, आणि तेंच सरकणें स्केग अडवीत असतो. म्हणून वळण घेण्यापूर्वीं तो वर घ्यावा, वल्ह्याचा लांब अर्धवर्तुळाकार फटका मारावा, आणि नाव किंचित् एका अंगावर कलवावी. कललेल्या नावेचा पाण्यांतला भाग आंखूड होतो, टोंकें मोकळीं होतात आणि ती सहज फिरते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबाचा रेगाटा १९२८ पासून मुळा-मुठेवर भरत आला आहे. त्यांत कयाक फिरवून पाण्यावर आकृत्या काढणारे विद्यार्थी ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस वळणें ही केवढी कला आहे हें ठाऊक आहे.

ही विद्या नवी नाहीं व परकीहि नाहीं. ग्रीनलंडचे शिकारी भाला टाकून बंदूक वापरूं लागले, तेव्हां नेम धरतांना वल्हें खालीं ठेवावें लागे आणि नाव भलतीकडे फिरे. म्हणून त्यांनीं मागच्या टोंकाखालीं काढघाल करतां येणारा पर बांधण्यास आरंभ केला. शिकार नसेल तेव्हां तो काढून ठेवीत. अमेरिकेच्या टॉम ब्लेक यांनीं १९३५ सालीं लाटांवर स्वार होण्याच्या फळीखालीं असाच पर लावला आणि फळीचें बाजूस घसरणें थांबविलें. आतां घरचें उदाहरण घ्या. १६७९ सालीं शिवछत्रपतींनीं मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हां इंग्रजांचीं गलबतें तें काम अडवावयास आलीं. शिडांच्या त्या जड गलबतांस वाऱ्यावर दिशा धरण्यासाठीं पाण्यांत खोल पोट लागे. मराठ्यांच्या लहान, उथळ, वल्ह्यांच्या होड्या मात्र रात्रीं त्यांच्यामधून निसटून बेटावर रसद पोंचवीत. त्या झटकन् वळत आणि उथळ पाण्यांत शिरत. गलबतांस तेथें पाठलाग करतां येत नसे. पाण्याखालची खोली दिशा देते आणि वळण हिरावून घेते, या नियमाचा याहून चांगला पाठ इतिहासांत शोधावयास नको.

दुसरें उदाहरण आमच्या शेजारच्या जिल्ह्याचें आणि आजच्या काळाचें आहे. नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुका आमच्यासारखाच पाण्यास पारखा. तेथील तळेगांव रोहीचे दत्तू भोकनळ लष्करांत गेल्यावर नौका वल्हविणें शिकले, २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकमध्यें एकट्याच्या शर्यतींत तेरावे आले, आणि २०१८ सालच्या आशियाई खेळांत चौघांच्या नौकेंतून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. त्या शर्यतीची एकट्याची नौका आठ मीटरांच्या आसपास लांब, हातभरहि रुंद नाहीं, आणि वजनानें किमान १४ किलो असते. तींत वल्हविणारा पुढें पाठ करून बसतो. २,००० मीटरांची वाट त्यास समोर दिसत नाहीं. अशा नौकेच्या तळाखालीं तळहाताएवढा एक पर असतो, आणि तोच तिची दिशा राखण्यास साह्य करतो. पण पर सर्वांच्याच नौकांस असतो. पदक मिळालें तें वल्ह्यावरच्या हातांस. कोरड्या गांवचा मुलगा पाण्यावर देशाचें नांव करूं शकतो, मग घोडेगांवच्या मुलानें कां करूं नये?

विद्यार्थिमित्रांनीं आमच्या शब्दांवर विसंबून न राहतां स्वतः प्रयोग करून पाहावा. हातभर लांब, चार बोटें रुंद अशी हलक्या लांकडाची फळी घ्या. तिचें एक टोंक निमुळतें करा. मागच्या टोंकाखालीं उभा काप घेऊन त्यांत पत्र्याची दोन बोटें रुंद पट्टी बसवा. पत्र्याच्या कडा आधीं घासून घ्या, म्हणजे हात कापणार नाहीं. शाळेच्या हौदांत मोठ्या माणसाच्या देखत ती फळी एकदां पट्टीवांचून ढकला, एकदां पट्टीसह ढकला, एकदां पट्टी मध्यें बसवून व एकदां पुढें बसवून ढकला. मग एका मित्रास बाजूनें पंख्यानें वारा घालावयास सांगा. प्रत्येक वेळीं फळी कोठें लागली त्याची खूण करून ठेवा. एका दुपारींच या लेखांतील पुष्कळसें तुमच्या डोळ्यांसमोर उभें राहील.

आतां आमचें मत. या विषयांत दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही आम्हांस मान्य नाहींत. पहिला पक्ष म्हणतो : मुलें लहान आहेत, त्यांच्या नावेस मोठा पक्का पर लावून टाका, म्हणजे नाव सरळच जाईल आणि काळजी मिटेल. यांत प्रेम आहे, पण विचार नाहीं. समोर खडक, झाडाचा बुंधा किंवा दुसरी नाव आली असतां ज्यास वळतां येत नाहीं, त्यास सरळ जातां येतें या गोष्टीचा उपयोग काय? शिवाय जो मुलगा प्रथमपासून परावर विसंबला, त्याच्या हातास नावेचें बोलणें कधीं कळतच नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो : स्केग ही पांगळ्याची कुबडी आहे, खऱ्या वल्हविणाऱ्यानें वल्ह्यानेंच सारें करावें. हा अभिमान तळ्याच्या कडेला शोभतो. मोठ्या जलाशयाच्या मध्यावर, बाजूचा वारा लागला असतां, बारा वर्षांच्या मुलाच्या दंडांतील बळ हें मोजकेंच धन आहे. तें नाव सरळ करण्यांत उधळूं देणें हें शहाणपण नव्हे.

आमच्या मतें मधला मार्गच खरा आहे, आणि तो असा. मुलाच्या नावेस स्केग असावा. तो वरखालीं करतां येणारा असावा. शिकवणीचा आरंभ मात्र स्केग वर घेऊन, कांठाजवळच्या शांत व कमरेइतक्या पाण्यांत व्हावा, म्हणजे नाव कोणत्या फटक्यानें कोठें वळते हें हातास समजेल. सरळ जाणें, वळणें व थांबणें या तिन्ही गोष्टी स्केगावांचून जमूं लागल्या कीं मग त्याची दोरी मुलाच्या हातीं द्यावी, आणि मोकळ्या पाण्यावर त्यास चालत्या स्केगावांचून जाऊं देऊं नये. एकदां ती दोरी दिली कीं केव्हां सोडावयाचा व केव्हां उचलावयाचा याचा निर्णयहि मुलासच घेऊं द्यावा. कांठावरून ओरडून सांगूं नये. पाण्यावर त्यास तो निर्णय एकट्यानेंच घ्यावा लागणार आहे.

पालकांस चार शब्द. नाव पसंत करतांना ती उलटी करवून पाहा. पर पक्का आहे कीं हलता, त्याची कड शाबूत आहे कीं झिजलेली, पेटींत खडी अडकली आहे कीं काय, दोरी सुरळीत चालते कीं नाहीं, हें स्वतःच्या हातानें तपासा. भाड्याची नाव घेतांनाहि हें विचारण्यांत संकोच मानूं नका. पण याहून आधींच्या गोष्टी आणखी आहेत. मुलास प्रथम पोहावयास शिकवा. मापाचा, पट्टे बांधलेला तरंगजाकीट अंगावर असल्यावांचून त्यास नावेंत बसूं देऊं नका; जाकीट नावेंत ठेवलेलें असणें आणि अंगावर असणें यांत जीव आणि मृत्यु यांइतकें अंतर आहे. जलाशयावर नाव नेण्यापूर्वीं तेथील अधिकाऱ्यांची अनुज्ञा घ्या, आणि धरणाच्या दारांजवळ व कालव्याच्या तोंडाशीं कधींहि जाऊं देऊं नका. सकाळचें पाणी शांत असतें. उन्हें तापल्यावर वारा उठतो. आकाश भरून आलें असेल तर नाव कांठावरच बरी. जगांतील कोणताहि स्केग या नियमांची जागा घेऊं शकत नाहीं.

आणि या भागांतील शाळांस आमची विनंति आहे कीं त्यांनीं एकत्र येऊन, जाणत्या शिक्षकाच्या हाताखालीं, दोन-चार साध्या नावांची सोय करावी. कवाईतीस जसें मैदान, तसें आमच्या मुलांस आतां पाणी हवें आहे. पोहणें, वल्हविणें व वारा ओळखणें या तीन गोष्टी शिकलेला मुलगा स्वतः वांचेल आणि प्रसंगीं दुसऱ्यासहि वांचवील. गणितांत तरफ, शास्त्रांत दाब आणि इतिहासांत खांदेरी शिकणाऱ्या मुलास या तिन्ही विद्या एका नावेंत एकत्र भेटतील, हा लाभहि कांहीं लहान नाहीं.

स्केग मुलाच्या वतीनें वल्हें मारीत नाहीं, दिशा ठरवीत नाहीं. ठरलेली दिशा राखण्यास तो पाठीमागून साह्य करतो, आणि वळावयाचें असेल तेव्हां त्यास उचलून घ्यावें लागतें. घरांतल्या व शाळेंतल्या शिस्तीविषयीं आमचें मत याहून फारसें निराळें नाहीं. पालकांनीं त्याचा विचार करावा, आणि मुलांनीं तोंवर वल्हें नीट धरावयास शिकावें.